छंदाचा पैसा आणि डावाचा पैसा

गेल्या गणपतीत आम्ही सगळे ताईकडे जमलो होतो. भाच्याने मोबाइलवरच्या खेळात साठ हजार रुपये घालवल्याचं घरात नुकतंच कळलं होतं, आणि मामा म्हणून त्याच्याशी बोलायचं काम माझ्यावर आलं. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. मी चार वाक्यं बोललो असेन-नसेन, तोच त्याने विचारलं, "मामा, तू आजवर नाण्यांवर किती घातलेस?"

मी गप्प.

"साठ हजारांच्या वरच असतील ना? मग मी जुगारी आणि तू संग्राहक, हे कसं?"

मी गणिताचा शिक्षक. गेली एकवीस वर्षं शिवराया जमवतोय. शिवराई म्हणजे मराठी राज्यात चाललेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. भाच्याचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. त्याचं उत्तर आपल्याजवळ तयार नाही, याचीच लाज वाटली. छंद वेगळा आणि व्यसन वेगळं, हे ठरीव उत्तर हिशोबाच्या वहीसमोर टिकत नाही. पैसा दोन्हीकडे जातो, जोखीम दोन्हीकडे असते, रात्रीची झोप दोन्हीकडे उडते. फरक असलाच तर तो आकड्यांत दाखवता आला पाहिजे. म्हणून बसून हिशोब मांडला, तोच इथे देतोय.

कात्री कुठे लागते

आधी जुगाराची बाजू घेऊ, कारण तिथलं गणित स्वच्छ आहे. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लागायचे. ते थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढायच्या म्हणून मटका हे नाव. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेच राहिलं. गिरणगावातल्या किती पगारांना या ओपन-क्लोजने, म्हणजे रोज निघणाऱ्या दोन आकड्यांनी, भोक पाडलं ते जुन्या लोकांना विचारा.

एकेरी आकड्याचा हिशोब असा. शून्य ते नऊ, म्हणजे दहातला एक आकडा लागणार. लागला तर रुपयाला नऊ रुपये, हा तिथला नेहमीचा भाव. दहा-दहा रुपये शंभर वेळा लावले तर एकूण लावले हजार. सरासरीने दहा वेळा आकडा लागेल, दर वेळी नव्वद, म्हणजे नऊशे हातात. शंभर गेले. रुपयामागे दहा पैसे कापले जातात. या कापणीला मी कात्री म्हणतो. ओपन आणि क्लोज मिळून होणारी जोडी लागली तर रुपयाला नव्वद मिळतात आणि शक्यता शंभरात एक. तिथेही कात्री तेवढीच.

दहा पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण खेळणारा हजार रुपये एकदा लावून घरी जात नाही. जे हातात येतं ते तो पुन्हा लावतो. हजार एकदा फिरवले की सरासरी ९०० उरतात, दुसऱ्यांदा ८१०, आणि दहा वेळा फिरवले की ३४९. दहा वेळा म्हणजे ओपन आणि क्लोज धरून अवघे पाच दिवस.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर रूलेट खेळतात, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्याच्या घरात थांबेल त्यावर पैसे लावतात. तिथलं चाक मटक्यापेक्षा पुष्कळ सभ्य आहे. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर लावलेल्याच्या ३५ पट मिळून मूळ रक्कमही परत येते. प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवले तर ३,७०० जातात आणि ३,६०० येतात. कात्री २.७ टक्के. पण चाक किती भराभर फिरतं ते बघा. सगळी रक्कम पंचवीस वेळा फिरवली की सरासरी निम्मी उरते. पंचवीस फेऱ्या म्हणजे टेबलावर एक तासही झालेला नसतो.

आता नाण्याकडे या. नाण्यांच्या प्रदर्शनात एक शिवराई मी हजार रुपयांना घेतली आणि त्याच दुपारी दोन टेबलं पलीकडच्या व्यापाऱ्याला दाखवली, तर तो पाचशे-सहाशे म्हणेल. यात त्याची लबाडी नाही. त्याने टेबलाचं भाडं भरलंय, त्याचा पैसा मालात अडकलाय, आणि गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नाही. पण माझ्या बाजूने बघितलं तर खरेदी केल्याक्षणी चाळीस-पन्नास टक्के गेले. मटक्याच्या कात्रीच्या निदान चौपट, रूलेटच्या निदान जवळपास पंधरा पट!

म्हणजे एका व्यवहारापुरतं बोलायचं तर भाचा बरोबर होता. माझा छंद त्याच्या खेळापेक्षा महाग आहे.

खरा फरक कात्रीच्या आकारात नाही, ती किती वेळा चालते यात आहे. नाण्यावर ती मोठी चालते, पण एकदाच. त्यानंतर ते नाणं माझ्या डबीत वीस वर्षं पडून असतं आणि त्यावर पुन्हा काही कापलं जात नाही. जुगारात ती छोटी असते, पण थांबत नाही. हजाराचं नाणं घेणं म्हणजे हजार रुपये रूलेटवर पंचवीस वेळा फिरवण्याइतकं महाग, पण ते पंचवीस फेरे मी वर्षातून तीन-चार वेळाच घेतो. भाच्याने ते एका रात्रीत घेतले होते. म्हणून कोणताही खर्च तपासताना फक्त टक्के बघू नका. तोच पैसा महिन्यातून किती वेळा हात बदलतो ते बघा.

याच कारणाने नाणी झटपट घेणारे-विकणारे संग्राहक मला काळजीत टाकतात. दर महिन्याला घ्यायचं, पुढच्या महिन्यात विकायचं, असं करणाऱ्याला ती मोठी कात्री जुगाऱ्याच्या वेगाने लागते. दोन्हीकडचं वाईट तेवढं त्याच्या वाट्याला येतं.

मग नाणी ही गुंतवणूक आहे का?

संग्राहक आपल्या बजेटची जोखीम सहसा एका वाक्याने झाकतात: "जुन्या नाण्याचा भाव वाढतच जातो." तेव्हा जगातल्या सगळ्यात महागड्या नाण्याचं काय झालं ते बघू.

अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, ज्याला डबल ईगल म्हणतात, टाकसाळीत पाडलं गेलं पण चलनात आलंच नाही. जवळपास सगळी वितळवली. त्यातलं खासगी मालकीला कायद्याने मान्यता मिळालेलं एक नाणं २००२ मध्ये सुमारे ७५.९ लाख डॉलरला विकलं गेलं. तेच २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८८.७ लाख डॉलरला गेलं. बातम्या वाचून डोळे दिपतात. आता भागाकार करा. १९ वर्षांत किंमत अडीच पट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४.९ टक्के. त्यातून लिलावाचं कमिशन जायचं, विमा जायचा.

दुसरं उदाहरण १७९४ च्या चांदीच्या डॉलरचं. २०१३ मध्ये त्याला एक कोटी डॉलर मिळाले, तेव्हाचा विक्रम. २०२० मध्ये लास वेगासला ते लिलावात ठेवलं तर राखीव किमतीपर्यंत बोलीच चढली नाही. २०२२ मध्ये १ कोटी २० लाखांना गेलं. वर्षाला जेमतेम दोन टक्के. हे जगातल्या निवडक नाण्यांचं झालं; माझ्या शिवरायांनी यापेक्षा मोठी अपेक्षा का बाळगावी?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती परदेशातल्या मराठी मंडळींना पटकन लक्षात येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतला माझा एक मित्र शिवराई पाठवायचा आग्रह धरतो, दर वेळी मला नाही म्हणावं लागतं. बजेटच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की इथे घेतलेल्या शिवराईला गिऱ्हाईक इथेच शोधायचं. विकायची घाई असेल त्या दिवशी ते मिळेलच असं नाही.

मी नवख्यांना एक वजाबाकी करायला सांगतो. नाण्याला दिलेल्या किमतीतून धातूचा मोडीचा भाव वजा करा. उरते ती खरी जोखमीची रक्कम. व्हिक्टोरियाचा नेहमीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी जवळपास १०.७ ग्रॅम. तो चांदीच्या भावापेक्षा थोडा वर देऊन घेतला तर खाली पडायला फारशी जागा नाही, चांदीच घसरली तर गोष्ट वेगळी. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया. त्या सालचे बहुतेक रुपये वितळवले गेले, म्हणून तो दुर्मिळ. त्याच्या किमतीत चांदीचा वाटा नगण्य, उरलेली सगळी किंमत दुर्मिळतेची. नकली नाणी करणाऱ्यांची नजरही साहजिकच तिथेच. शिवराईत तर धातूचा आधार जवळजवळ नाहीच. तांबं किती, तोळाभर. माझं सगळं बजेट वजाबाकीच्या उरलेल्या भागात आहे, हे मी स्वतःला अधूनमधून बजावतो.

ऐपत आणि तयारी

आता जोखीम सोसण्याबद्दल. या शब्दात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. एक ऐपत: तोटा झाला तर घर चालेल का? दुसरी तयारी: तोटा झाला तर मन ताळ्यावर राहील का? ऐपत पगारातून आणि जबाबदाऱ्यांतून ठरते, ती कागदावर मांडता येते. तयारी तशी मांडता येत नाही, आणि तीच माणसाला फसवते.

ऐपतीचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये, आणि तेही छापा-काट्याच्या एका खेळावरून. नाणं उडवत राहायचं, छापा पडेपर्यंत. पहिल्याच फेकीत पडला तर २ रुपये, दुसऱ्यांदा ४, तिसऱ्यांदा ८, असं दुप्पट होत जायचं. या खेळात भाग घ्यायला किती पैसे द्यावेत? नुसती सरासरी काढली तर ती अनंत येते. पण शहाणा माणूस शे-दोनशे द्यायलाही तयार होत नाही. बर्नुलीचं म्हणणं, तो शहाणा माणूसच बरोबर आहे, कारण रुपयाची किंमत खिशात आधी किती रुपये आहेत यावर ठरते. रोजंदारीवरच्या माणसाला गेलेले पाचशे म्हणजे उद्याचा किराणा. मला गेलेले पाचशे म्हणजे एक शिवराई कमी. कात्री दोघांना सारखी लागली तरी जखम सारखी नसते. भाचा अजून उमेदवारी करतोय. त्याचे साठ हजार आणि माझे साठ हजार एका तराजूत घालता येत नाहीत, हे त्याच्या प्रश्नाच्या उत्तरातलं पहिलं कलम.

तयारीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस टवर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ती प्रयोगांनी उलगडून दाखवली. ९५ जणांना विचारलं: ३,००० हमखास घ्याल, की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता घ्याल? दुसऱ्या पर्यायाची सरासरी ३,२०० येते, म्हणजे तो वरचढ. तरी ८० टक्के लोकांनी हमखास ३,००० घेतले. मिळकत दिसत असली की माणूस जपून वागतो. मग प्रश्न उलटा केला: ३,००० हमखास गमवाल, की ४,००० गमावण्याची ८० टक्के शक्यता पत्कराल? आता ९२ टक्के लोकांनी दुसरा पर्याय घेतला, सरासरी तोटा मोठा असूनही. आत्ताच्या आत्ता तीन हजार गेले हे मान्य करण्यापेक्षा, कदाचित काहीच जाणार नाही, या आशेवर त्यांनी मोठा तोटा ओढवून घेतला.

मला हे दोन आकडे या सगळ्या विषयाची किल्ली वाटतात. आपल्यात धाडसी आणि भित्रे अशा दोन जाती नाहीत. तोच माणूस नफ्यात असताना भित्रा असतो आणि तोट्यात गेला की धाडसी होतो. "मी जोखीम घेणाऱ्यातला नाही" असं सांगणारा कारकून महिन्याच्या तीस तारखेला, पाच हजार हरल्यावर, आणखी दहा लावतो तेव्हा त्याचा स्वभाव बदललेला नसतो. तो फक्त शून्याच्या खाली गेलेला असतो.

एक सावध आणि एक बेधडक असे दोन खिसे एकाच माणसाला असू शकतात याचं एक विलक्षण उदाहरण अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात होऊन गेलं. लव्हेअर रेडफील्ड त्याचं नाव. माणूस गडगंज, पण साध्या कपड्यांत वावरणारा, बँकांवर विश्वास नसलेला, आणि तिथल्या कॅसिनोंत रूलेटवर मोठ्या रकमा लावणारा. १९७४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर निघाले. १९७६ मध्ये तो सगळा साठा ७३ लाख डॉलरला विकला गेला, म्हणजे नाण्यामागे जवळपास १८ डॉलर, जेव्हा त्यातल्या चांदीची किंमत सुमारे ३ डॉलर होती.

लोक ही गोष्ट नाण्यांनी श्रीमंत केल्याची म्हणून सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. एक डॉलर देऊन घेतलेला चांदीचा डॉलर हे चलनातलंच नाणं, ते एका डॉलरच्या खाली जाऊच शकत नव्हतं. तिथे कात्री शून्य, तळ पक्का. म्हणजे रूलेटवर बेधडक लावणारा हाच माणूस नाण्यांच्या बाबतीत कमालीचा सावध होता. रूलेटच्या टेबलावर ठेवलेल्या पैशातलं घरात काही उरलं नव्हतं.

शून्याच्या खाली

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून हा लेख लिहिणं खोटेपणा होईल.

बारा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी ४,५०० रुपयांना एक शिवराई घेतली. अक्षरांचं वळण वेगळं, ठिपक्यांचं कडं पूर्ण, मला ती सुरुवातीच्या काळातली वाटली. घरी आल्यावर भिंगाखाली अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेला सांध्याची पुसट रेघ. नाणं छापाने ठोकलेलं नव्हतं, साच्यात ओतलेलं होतं. नकली. विकणाऱ्याने हात वर केले.

इथपर्यंतचा तोटा छंदातला होता. शिकण्याची फी म्हणून तो वहीत लिहून विसरता आला असता. पण पुढच्याच महिन्यात मी दुसऱ्या एका प्रदर्शनात ११,००० रुपयांची शिवराई घेतली. माझं महिन्याचं बजेट तेव्हा दीड हजार होतं. ती मला आवडली होती म्हणून नव्हे. दुर्मिळ आहे, वर्षभरात वीस हजारांना जाईल आणि आधीचे साडेचार हजार भरून निघतील, म्हणून. बायकोला मी किंमत अकराशे सांगितली. नाणं खरं होतं, पण दुर्मिळ नव्हतं. तीन वर्षांनी २,२०० ला दिलं.

नाणं शिवराईच, माणूस तोच, प्रदर्शनातलं टेबलही तसंच. पहिल्या खरेदीत मी संग्राहक होतो आणि दुसरीत जुगारी. मधे फक्त एक तोटा झाला होता.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या ओळीत बसवलं. त्याच्या नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली तर विकार मानतात. गेलेला पैसा परत मिळवायला पुन्हा खेळणं हे त्यातलं एक. खेळ किती खोल गेलाय ते घरच्यांपासून लपवणं हे दुसरं. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते ११,००० आठवले. माझं दोनावर थांबलं. रोज मोबाइल हातात असता आणि खरेदी दहा सेकंदांत होत असती, तर थांबलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यानंतरचं प्रदर्शन तीन महिन्यांनी होतं, एवढंच माझं भाग्य.

भाच्याला ती तीन महिन्यांची उसंत नव्हती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तोवर त्याचे गेले होते.

छंदाच्या कपड्यात जुगार कसा शिरतो याची दोन उदाहरणं रोज दिसतात. किलोच्या भावाने मिळणाऱ्या जुन्या नाण्यांच्या पिशव्या हे एक. "आत काय निघेल सांगता येत नाही" असं म्हणून त्या विकतात. निघत काही नाही, कारण पिशवी बांधण्याआधी कुणीतरी वरची साय काढून घेतलेली असते. ती लॉटरीच आहे, फक्त तिकीट जड आहे. दुसरं उदाहरण त्याहून वाईट. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट, वैष्णोदेवीचं दहाचं नाणं लाखांना विकलं जातं, असे संदेश फिरतात. फोन केला की नोंदणी फी, मग कर, मग कमिशन असे पैसे मागत जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की ती असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही. पहिले हजार भरलेला माणूस दुसरे तीन हजार का भरतो, हे त्या ९२ टक्क्यांत लिहिलेलं आहे.

मी बजेट कसं ठेवतो

दुसऱ्या खरेदीनंतर मी काही गोष्टी बदलल्या. महिन्याची रक्कम पगाराच्या दिवशी वेगळी काढतो, सध्या दोन हजार. न खर्चलेली पुढे सरकते, पण पुढच्या महिन्याची आधी उचलत नाही. उसनवारी नाही, क्रेडिट कार्ड नाही. वर्षाच्या रकमेतला चौथा हिस्सा पुस्तकं, वजनकाटा, भिंग आणि प्रवासावर. हा हिस्सा सगळ्यांत महत्त्वाचा मानतो, कारण दोन खर्चांतला खरा फरक इथे आहे. मटक्यावर तीस वर्षं घालवलेल्या माणसाला दहातला एकच आकडा लागतो, पहिल्या दिवशी लागायचा तसाच. त्याच्या अनुभवाने कात्री एका पैशानेही कमी होत नाही. नाण्यांत ती कमी होते. आज ओतीव शिवराई मी कडेकडे बघून ओळखतो. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतल्या संग्रहालयात किंवा मुंबईत फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात एक दुपार घालवली, तर ती दुपार पुढच्या दहा खरेद्यांत वसूल होते.

लिलावात जास्तीत जास्त बोली आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवतो, कमिशन आणि कर धरून. समजा १२,००० च्या वर जायचं नाही आणि वरखर्च वीस टक्के, तर बोली १०,००० ला थांबते. हात वर असताना हे गणित सुचत नाही.

सगळ्यांत उपयोगी पडली ती पहिल्यापासूनची वही. तारीख, नाणं, वजन, किंमत, आणि शेवटचा रकाना: का घेतलं. त्यात ‘अक्षर वेगळं’, ‘दुदांडीचा हा छाप नव्हता’, ‘दोन दांड्यांमधलं चिन्ह’ असं काही लिहिता आलं तर खरेदी छंदाची (दुदांडी म्हणजे दोन दांड्या, समांतर रेघा, असलेली शिवराई). काही लिहिता येईना, किंवा भावाबद्दलच लिहावंसं वाटलं, तर पाकीट खिशात ठेवायचं. ज्यांचं मन वही आणि रकान्यांच्या पलीकडे गेलंय, कर्ज काढून खेळणं चाललंय, त्यांनी घरात एका माणसाला तरी सांगावं आणि १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोलावं. फोन फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा ती वही घेऊन गेलो. भाच्याला म्हटलं, तू विचारलं होतंस, घे, बेरीज कर. त्याने बेरीज केली. साठ हजारांच्या बरीच वर निघाली. मग तो मागची पानं चाळत राहिला आणि बारा वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर थांबला. ११,००० च्या पुढे, शेवटच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात एकच शब्द होता: ‘भरपाई’.

त्याने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "मामा, माझे पहिल्यांदा फक्त चार हजार गेले होते. बाकीचे छप्पन्न ह्याच्यापायी गेले."